स्टँडखाली फर्मी, मैदानात स्टॅग

फर्स्ट इयरच्या फिजिक्सच्या नोट्समध्ये न्यूक्लिअर फिशनचं एक छोटं प्रकरण होतं. चेन रिअ‍ॅक्शन, मॉडरेटर, कॅडमियमचे रॉड... सगळं पाच मार्कांच्या शॉर्ट नोटमध्ये कोंबायचं आणि पुढच्या युनिटला लागायचं. त्यात एक वाक्य होतं. जगातली पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शिकागो विद्यापीठात, स्टॅग फील्ड नावाच्या मैदानाच्या स्टँडखाली घडवून आणली. मी ते वाक्य पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क घेतले आणि विसरून गेले.

या जूनमध्ये आमच्या स्पोर्ट्सच्या सरांचं अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. त्या संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही पाचसहा जणी तोंडं पाडून बसलो होतो आणि का कोण जाणे, मला ते वाक्य आठवलं. अरे, मैदानाला ज्याचं नाव दिलंय तो हा स्टॅग कोण? कोणी शेठजी असणार, नाहीतर ट्रस्टींचे वडील. आपल्याकडे तरी नावं अशाच लोकांची लागतात. मग शोधत बसले. (दुसऱ्या दिवशी मशीन डिझाइनचं सबमिशन होतं, त्यामुळे शोधायला फारच उत्साह आला.) निघालं ते असं की स्टॅग हा कोच होता. नुसता कोच! फुटबॉल, बेसबॉल, ट्रॅक, थोडंफार बास्केटबॉल, जे समोर येईल ते शिकवणारा. शिवाय त्या विद्यापीठाचा प्रोफेसर.

हा लेख त्या माणसाबद्दल आहे आणि आमच्या सरांबद्दलही आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त पहिलं पान वाचून कॅंटीनला जायचंय त्यांची सोय होईल. कॉलेजातला कोच हा शिक्षक असतो. त्याला शिक्षकाची नोकरी द्या, आणि मग शिक्षकाला विचारतात तसा जाबही विचारा. यातली दुसरी अर्धी गोष्ट मी आधी धरलीच नव्हती. ती मला स्टॅगमुळे कळली.

अमोस अलोन्झो स्टॅगचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजमधला. वडील जोडे शिवायचे. आठ भावंडांत हा पाचवा. येल विद्यापीठात तो गेला पाद्री व्हायला. पैसे इतके कमी की बिनशेगडीच्या माळ्यावर राहायचा आणि बिस्किटांवर दिवस काढायचा. शेवटी आजारी पडला. मेसच्या भाजीला आपण नावं ठेवतो, त्यांनी हे जरूर वाचावं. पण हाच मुलगा येलचा सगळ्यात भारी पिचर झाला. पिचर म्हणजे बेसबॉलमधला बोलर असं समजा. व्यावसायिक क्लबांनी चांगल्या पैशांवर बोलावलं. हा गेला नाही. त्या काळच्या व्यावसायिक बेसबॉलभोवती दारूचे अड्डे फार, आणि स्टॅग आयुष्यभर ना प्यायला, ना त्याने सिगरेट ओढली. १८८९ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची पहिली ‘ऑल-अमेरिका’ टीम जाहीर झाली, त्यातही तो होता.

इथे फुटबॉल म्हणजे मेस्सीचा फुटबॉल नव्हे हं. अंड्यासारखा लांबट बॉल, तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून आडवं करायचं, तो अमेरिकन फुटबॉल. मला स्वतःला तो बघताना अजून निम्मा कळत नाही, हे कबूल करते.

पाद्री व्हायचं मात्र जमलं नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडलं. त्याला भाषण जमायचं नाही. चर्चमध्ये उभं राहून बोलायची वेळ आली की गाडी अडायची. माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे दर बुधवारी असेंब्लीत फादरांचं प्रवचन असायचं आणि दर शुक्रवारी पांढरे कॅनव्हासचे बूट घालून पीटी. प्रवचनातलं मला आज एक वाक्य आठवत नाही. पीटीच्या मिसनी रिले शर्यतीत बॅटन कसं द्यायचं ते शिकवलेलं हाताला अजून आठवतं. स्टॅगने बहुतेक असंच काहीतरी ओळखलं असावं. प्रवचन जमत नाही ना, मग मैदानावर मुलं घडवू, तेही देवाचंच काम, असं त्याने ठरवलं.

म्हणून तो गेला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए ट्रेनिंग स्कूलमध्ये. तिथे त्याच्या फुटबॉल टीममध्ये जेम्स नेस्मिथ नावाचा एक कॅनेडियन खेळायचा. हाच तो नेस्मिथ ज्याने डिसेंबर १८९१ मध्ये हिवाळ्यात मुलांना कोंडून ठेवायला नको म्हणून पीचच्या टोपल्या टांगून बास्केटबॉल काढला. एक किस्सा सांगतात. नेस्मिथने विचारलं, मला सेंटरला का उभं करतोस? स्टॅग म्हणाला, तू सगळ्यात वाईट कामं सगळ्यात सभ्यपणे करतोस म्हणून. (आमच्या टीममध्येही अशी एक जण आहे. नाव सांगत नाही, ती या अंकाच्या संपादक मंडळात आहे.) ११ मार्च १८९२ ला लोकांसमोर बास्केटबॉलचा पहिला सामना झाला, विद्यार्थी विरुद्ध शिक्षक. विद्यार्थी ५-१ ने जिंकले. शिक्षकांचा तो एकुलता एक पॉइंट स्टॅगचा.

आता कोणी म्हणेल, कुठलं स्प्रिंगफील्ड आणि कुठलं आपलं कॉलेज, आम्हाला काय त्याचं? तर ऐका. त्याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेला हॅरी क्रो बक नावाचा माणूस पुढे मद्रासला आला आणि १९२० मध्ये त्याने तिथे वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी भारताची टीम तयार करण्यातही तो होता. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल आपल्याकडे शाळाशाळांत पोचले त्यात वायएमसीएवाल्यांचा आणि त्यांच्याकडे शिकलेल्या पीटी मास्तरांचा मोठा हात आहे. म्हणजे आपल्या पार्किंगच्या कोपऱ्यात जी एका बाजूने वाकलेली रिंग आहे, तिची वंशावळ सरळ तिथपर्यंत जाते. आपल्या मातीतली परंपरा वेगळी होती, ती आखाड्याची. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. तिथे उस्ताद असतो आणि त्याला मान असतो. कॉलेजात आल्यावर त्या उस्तादाचं ‘कंत्राटी स्पोर्ट्स इन्चार्ज’ कधी झालं, हा खरंतर वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पुन्हा स्टॅगकडे. येलमध्ये त्याला विल्यम रेनी हार्पर नावाचे बायबल आणि हिब्रूचे प्राध्यापक होते. हे हार्पर शिकागोला नव्याने निघणाऱ्या विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. पैसा होता रॉकफेलरचा, आणि हार्परना देशातले उत्तम प्राध्यापक गोळा करायचे होते. त्या यादीत त्यांनी एक कोचही धरला! स्टॅगला त्यांनी बोलावलं ते शारीरिक शिक्षण विभागाचा प्रमुख म्हणून, वर्षाला २५०० डॉलर पगारावर, असोसिएट प्रोफेसरच्या हुद्द्यावर, आणि कायमच्या नेमणुकीवर. वय तीस. तोपर्यंत कॉलेजच्या टीमला कोच म्हणजे बहुतेक कोणीतरी माजी खेळाडू, सीझनपुरता यायचा, मुलांकडून थोडा धिंगाणा करून घ्यायचा आणि जायचा. मॅच हरली की पुढच्या वर्षी दुसरा. स्टॅगला पहिल्यांदा कोणी सांगितलं की तू इथे शिकवायला आलायस, शनिवारच्या मॅचवर तुझी नोकरी अवलंबून नाही.

१ ऑक्टोबर १८९२ ला विद्यापीठ सुरू झालं. विद्यापीठात धड इमारती नव्हत्या, पण त्याच दिवशी स्टॅगची प्रॅक्टिस सुरू! मुलं इतकी कमी की पहिल्या सीझनला तो स्वतः टीममधून खेळला. सुरुवातीच्या मॅचेस शाळांच्या टीमविरुद्ध. आपल्या फर्स्ट इयरच्या टीमने शेजारच्या हायस्कूलला बोलवावं तसं.

तिथून पुढे ४१ सीझन. नुसत्या फुटबॉलचे. बेसबॉलचा कोच म्हणूनही जवळजवळ वीस सीझन. ट्रॅकही बरीच वर्षं त्याच्याकडे. जानेवारी १८९६ मध्ये शिकागोच्या मुलांनी आयोवाला जाऊन जो बास्केटबॉलचा सामना १५-१२ ने जिंकला, तो कॉलेजांमधला पाच-पाच जणांचा पहिला सामना मानतात. पुढे १९१७ पासून शाळांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा तो शिकागोत भरवायचा. अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीवरही होता. १९१० ला शिकागोची बेसबॉल टीम बोटीने जपानला जाऊन वासेदा विद्यापीठाविरुद्ध खेळून आली. आणि आपल्याला झोनल्सना शेजारच्या जिल्ह्यात जायला दोन दिवसांची अटेंडन्स मिळवताना नाकीनऊ येतात. असो.

मला, म्हणजे मेकॅनिकलवालीला, सगळ्यात जास्त मजा वाटली ती त्याच्या जुगाडांची. येलमध्ये असताना त्याने एक गादी गुंडाळली आणि जिममध्ये टांगली. का? तर समोरच्याला आडवं पाडायची, म्हणजे टॅकलिंगची प्रॅक्टिस जिवंत मुलांवर केली की मुलं मोडतात. गादी मोडत नाही. झाली टॅकलिंग डमी! बाहेर बर्फ असताना बॅटिंगची प्रॅक्टिस कुठे करायची, म्हणून जाळीचा पिंजरा. त्याचंही श्रेय त्यालाच देतात. फुटबॉलमध्ये प्रत्येक डावाआधी खेळाडू गोल करून डोक्याला डोकं लावून उभे राहतात ते, जर्सीवर नंबर घालणं, बॉल एकीकडे जातोय असं भासवून दुसरीकडे न्यायच्या निरनिराळ्या चाली, अशी त्याच्या नावावर खूप मोठी यादी सांगतात. यातल्या काही गोष्टींवर दुसऱ्यांचेही हक्क आहेत आणि तिकडचे लोक त्यावर अजून भांडतात. पण गादीचंच उदाहरण घ्या. प्रॉब्लेम काय आहे ते नीट बघणं, हाताशी असलेल्या वस्तूतून प्रोटोटाइप करणं, ट्रायल घेणं. आपल्याला फायनल इयर प्रोजेक्टला हेच करायला सांगतात आणि आपण ते गल्लीतून विकत आणतो. खोटं बोलत असेन तर सांगा.

आणि हा सगळा वेळ शिव्या एकच. तो शपथा घ्यायचा नाही, घाण बोलायचा नाही. फार चिडला की खेळाडूला ‘गाढव’ म्हणायचा. फारच फार चिडला की ‘डबल गाढव’. आमचे सर ‘काय गं पोरी, पाय कुठे ठेवलेस, घरी?’ एवढंच म्हणायचे, पण ते ऐकून पाय आपोआप जागेवर यायचे.

आता इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी आरती ओवाळतेय. मलाही तसंच वाटत होतं. रूममेटला रात्री एक वाजता उठवून मी हे सगळं सांगितलं. ती कॉम्प्युटरची, शांत डोक्याची. म्हणाली, ‘इतकी सत्ता एका माणसाला दिली आणि काही गडबड झाली नाही? शक्यच नाही. अजून वाच.’

वाचलं. झाली होती गडबड.

स्टॅगचा विभाग विद्यापीठात जवळजवळ स्वतंत्र संस्थानच झाला होता. मॅचच्या तिकिटांचा पैसा विभागाकडे, त्याचा हिशेब बराच काळ स्टॅगच्या हाती. शाळांच्या स्पर्धा तो शिकागोत भरवायचा त्यात खेळाची आवड होतीच, पण चांगली पोरं कॅम्पसवर येतात, त्यांना कॅम्पस आवडतो, मग ती इथेच अ‍ॅडमिशन घेतात, हेही होतं. १९०५ मध्ये त्याच्या टीमने मिशिगनला २-० असं हरवलं. मिशिगन त्याआधी सलग ५६ मॅचेस हरलं नव्हतं! त्या शिकागो टीमचा हिरो होता वॉल्टर एकर्सल. १९०४, १९०५, १९०६, तिन्ही वर्षं ऑल-अमेरिका. हा एकर्सल अभ्यासात यथातथाच होता. खेळायची मुदत संपली, विद्यापीठाचं काम झालं, आणि तो डिग्रीशिवाय बाहेर पडला. पुढे पेपरात स्पोर्ट्स रिपोर्टर झाला, नाव कमावलं, ते वेगळं. पण ज्या प्रोफेसर-कोचचा एवढा गवगवा, त्याच्या सर्वात लाडक्या मुलाला त्या विद्यापीठाने डिग्री दिली नाही. म्हणजे त्याला शिकवलं असं म्हणायचं की वापरलं असं?

त्याच १९०५ च्या सीझनमध्ये देशभरात दीड डझनाच्या आसपास मुलं फुटबॉल खेळताना मेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना बोलावून घ्यावं लागलं. १९०६ पासून नियम बदलले, बॉल पुढे फेकायला, फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली, म्हणजे एकमेकांच्या अंगावर ढीग करणं कमी होईल. स्टॅग नियम समितीवर होता आणि नव्या नियमांत चाली बसवणाऱ्या पहिल्या काही जणांत होता. पण मुलं मरेपर्यंत कोणी थांबलं नव्हतं, तोही नाही.

आणखी एक गोष्ट मला टोचली. शिकागोत पहिल्यापासून मुली शिकायच्या. पण स्टॅगचं मैदान मुलांचं. मुलींचा विभाग गर्ट्रूड डडली नावाच्या बाईंनी वेगळा उभा केला, आणि त्यांना स्वतःची जिम असलेली धड इमारत मिळाली ती १९१६ मध्ये. स्टॅगच्या घरात मात्र फुटबॉल सगळ्यात बारकाईने कोण बघायचं? त्याची बायको स्टेला. मॅचमधल्या चाली ती कागदावर टिपून घ्यायची. तिचं नाव कोणत्याही मैदानाला नाही.

तर रूममेट जिंकली. पण पूर्ण नाही. कारण तिने विचारलं, ‘मग त्याला प्रोफेसर केला हीच चूक ना?’ आणि इथे मला पटत नाही. चूक प्रोफेसर करण्यात नव्हती. प्रोफेसर केला आणि नंतर प्रोफेसरसारखं वागवलं नाही, ही चूक होती. फिजिक्सच्या प्रोफेसरला कोणी तिकिटं विकून डिपार्टमेंट चालवायला सांगत नाही. त्याचा लाडका विद्यार्थी नापास होत असेल तर कोणी डोळे मिटून घेत नाही. (निदान घेऊ नयेत.) स्टॅगला हुद्दा शिक्षकाचा मिळाला आणि हिशेब मात्र सर्कसच्या मालकाचा ठेवू दिला. गर्दी जमत होती तोवर कोणी विचारलं नाही.

मग १९३२ आलं. स्टॅग सत्तर वर्षांचा झाला आणि विद्यापीठाचा रिटायरमेंटचा नियम लागू झाला. कोचिंग सोडून दुसरं काहीतरी काम तो करू शकला असता. त्याला मैदान सोडून खुर्ची नको होती. या वयात माणसं नातवंडांना घेऊन बागेत जातात. हा बायकोला घेऊन कॅलिफोर्नियात स्टॉकटनला गेला, कॉलेज ऑफ द पॅसिफिक नावाच्या लहान कॉलेजात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १४ सीझन!

१९३८ मध्ये तो ती छोटी टीम घेऊन शिकागोला आला. आपल्याच नावाच्या मैदानावर, पाहुण्यांच्या बाकावर बसला. पॅसिफिक जिंकली, ३२-०. मी हा स्कोअर वाचून खोलीत ओरडलेच. पण तो कसा दिसत असेल बाकावर, खूश की नाही, हे मी खूप वेळ डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्याच्या ४१ वर्षांच्या कामाची ती पडझड होती आणि ती त्याच्याच हातून दाखवली जात होती. पुढच्या वर्षी, १९३९ मध्ये, मिशिगनने शिकागोला ८५-० ने धुतलं, आणि डिसेंबरमध्ये अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉलच बंद करून टाकला. विद्यापीठ विचार करण्यासाठी असतं, हे त्यांचं मत. त्यातलं बरंचसं मला पटतं. पण स्टॅगने काढलेलं चांगलं आणि स्टॅगने होऊ दिलेलं वाईट, दोन्ही त्यांनी एकाच झाडूने झाडलं.

स्टँड रिकामे पडले. आणि रिकाम्या पश्चिम स्टँडखाली, स्क्वॉशसारख्या खेळाच्या एका कोर्टात, फर्मीच्या माणसांनी ग्राफाइटच्या विटा रचायला घेतल्या. म्हणजे माझ्या पाच मार्कांच्या नोटची जागा फुटबॉल बंद झाला म्हणून मोकळी होती. २ डिसेंबर १९४२ च्या दुपारी साखळी प्रक्रिया चालू झाली तेव्हा पॉवर होती अर्धा वॅट. एक टॉर्चचा बल्ब धड पेटणार नाही इतकी. त्या दिवशी स्टॅग ऐंशी वर्षांचा होता आणि कॅलिफोर्नियात अजून कोच होता. पुढच्या वर्षी, १९४३ मध्ये, कोचेस असोसिएशनने त्याला ‘वर्षातला सर्वोत्तम कोच’ निवडलं. वय ८१. युद्धामुळे नौदलाची ट्रेनिंग घेणारी दणकट पोरं त्याच्या कॉलेजात आली होती, त्यामुळे टीम भारी होती हे खरं. तरी ८१!

१९४६ नंतर तिथूनही निघाला. मग पेनसिल्व्हानियात सस्क्वेहाना विद्यापीठात आपल्या मुलाच्या जोडीने १९५२ पर्यंत. मग स्टेलाची तब्येत बिघडली म्हणून परत स्टॉकटन, आणि तिथल्या ज्युनियर कॉलेजात मुलांना बॉलला किक कशी मारायची ते शिकवायचा. नव्वदी ओलांडलेला माणूस! १९५१ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला खेळाडू आणि कोच दोन्ही म्हणून घेतलं, १९५९ मध्ये बास्केटबॉलच्याही. फुटबॉल कोच म्हणून ३१४ विजय. हा आकडा १९८१ मध्ये बेअर ब्रायंटने मोडला. स्टॅग गेला १७ मार्च १९६५ ला, वयाच्या १०२ व्या वर्षी. त्याआधीच, १९५७ मध्ये, जुनं स्टॅग फील्ड पाडलं होतं. आता तिथे विद्यापीठाची मोठी लायब्ररी आहे.

आता घरचं.

आमचे सर स्टॅग नव्हते. तसं म्हटलं तर त्यांनाच हसू येईल. पण कामाची यादी तशीच होती. सकाळी सहाला बास्केटबॉल मुली, सातला व्हॉलीबॉल, संध्याकाळी कबड्डी आणि क्रिकेट, मध्ये चेसच्या एंट्री, कॅरमच्या सोंगट्या, अ‍ॅन्युअल डेला पाण्याचे जार आणि एनएसएसच्या रॅलीला शिट्टी. रिंग वाकली तेव्हा वर्कशॉपमधून वेल्डिंगच्या सरांच्या हातापाया पडून त्यांनीच ती लावून घेतली. व्हॉलीबॉलची नेट फाटली तर मासे धरायच्या जाळ्याची दोरी आणून स्वतः विणली. मी हे डोळ्याने बघितलंय. गादी टांगणारा स्टॅग वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तीच नेट होती.

पण स्टाफच्या फोटोत ते दुसऱ्या टोकाला, ऑफिसच्या मामांच्या शेजारी. स्टाफ मीटिंगला बोलावणं नाही. आमच्यापैकी एकीला दोन केटी लागल्या तेव्हा त्यांनी तिला टीमबाहेर बसवलं आणि तिच्या क्लास टीचरकडे जाऊन विचारलं, हिला मदत काय करता येईल? त्यांना उत्तर मिळालं की तुम्ही मैदान बघा. एकर्सलबद्दल वाचताना मला हा प्रसंग आठवला आणि राग आला. स्टॅगला सगळे अधिकार होते, त्याने विचारलं नाही. आमच्या सरांनी विचारलं, त्यांना अधिकार नव्हता.

मला माहीत आहे लोक काय म्हणतील. इंजिनियरिंग कॉलेज आहे बाई, स्पोर्ट्स अकॅडमी नाही. प्लेसमेंटला कोणी लेअप विचारत नाही. मैदानाचा अर्धा तुकडा नव्या बिल्डिंगला गेला तेव्हाही हेच ऐकलं. याला माझं उत्तर असं की आपण जिमखान्याची फी दर वर्षी भरतो, त्यात ‘अकॅडमी नाही’ म्हणून सूट मिळत नाही. आणि मला काही मिशिगनला हरवायचं नाहीये. मला चॅम्पियन बनवणारा कोच नकोच. मला असा माणूस हवाय जो यंदा आहे आणि पुढच्या वर्षीही आहे, ज्याला थर्ड इयरला मी कशी खेळत होते ते फायनल इयरला आठवेल. अकरा महिन्यांच्या कागदावर हे होत नाही. अकरा महिन्यांत बॅच ओळखीची होते आणि बाराव्या महिन्यात माणूस जातो. ज्याला जूनमध्ये आपण असू की नाही ते माहीत नाही, त्याने फर्स्ट इयरच्या पोरीला डाव्या हाताने ड्रिबल शिकवायला सहा महिने का घालावेत? आमच्या सरांनी घातले, हा त्यांचा चांगुलपणा. सिस्टिम कोणाच्या चांगुलपणावर डिझाइन करत नाहीत, हे आपल्याला सेकंड इयरलाच शिकवलंय.

म्हणून मागणी साधी आहे. सरांना, किंवा जे कोणी येतील त्यांना, रेग्युलर पोस्ट द्या. स्टाफ मीटिंगमध्ये खुर्ची द्या. जिमखान्याच्या पैशाचा हिशेब मात्र नोटीस बोर्डवर लावा, आणि टीममधल्या मुलामुलींचा रिझल्ट त्याच्या शेजारी. स्टॅगच्या बाबतीत हे पहिल्या दिवसापासून केलं असतं तर कदाचित हचिन्सना झाडू काढावा लागला नसता.

सध्या आम्ही सकाळी सहाला स्वतःच जमतो. स्पोर्ट्स रूमची किल्ली वॉचमन काकांकडे असते, बॉल घेताना रजिस्टरमध्ये सही करावी लागते. सरांच्या अक्षरातली शेवटची नोंद मे महिन्यातली आहे. ‘बास्केटबॉल नं. ३, हवा कमी, पंप बघणे.’ पंप अजून मिळालेला नाही, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे भरून आणतो. इंटर-कॉलेजचे फॉर्म आलेत. त्यात खेळाडूंच्या नावांखाली ‘कोचची सही’ असा रकाना आहे. तिथे कोणी सही करायची ते मी ऑफिसमध्ये दोनदा विचारून आले. सोमवारी या म्हणालेत.